‘तो’ म्हणजे कोण

५ मार्च १९९३
आमचा पंख्यांचा कारखाना विकला गेला. पुण्याहून दोन नवे साहेब आले — किशोरसाहेब आणि हेमंतसाहेब. आल्या आल्या सगळ्यांच्या सर्व्हिस फायली मागवल्या. रेकॉर्डरूममधून मीच वर नेऊन दिल्या. बरीच माणसं काढणार म्हणतात. बाबांची बावीस वर्षं झाली इथे!

९ मार्च
साहेब माझ्यासमोर खुशाल मराठीत बोलतात. माझ्याशी मात्र हिंदी. मीही "हौ साब" एवढंच. हैदराबादचा पोरगा, याला काय कळतंय, असं वाटत असणार त्यांना! कान उघडे ठेवायचे.

११ मार्च
नाव कुणाचंच घेत नाहीत. हेमंतसाहेब म्हणाले, "तो फुटायला तयार झाला." किशोरसाहेब हसले, "होणारच. पोरीचं लग्न तोंडावर आलंय."
कोण तो? चार जणांच्या घरी लग्न आहे. चौघांची नावं लिहून काढली.

१६ मार्च
आज हेमंतसाहेब म्हणाले, "काल भेटला. रजेच्या अर्जात लिहिलं, गावाला जातो!"
रजेचे अर्ज माझ्याकडेच असतात. काढून पाहिले. तीन नावं खोडली. उरले अंबाजीकाका. आमच्या युनियनचे पुढारी! काचीगुड्यात आमची भिंतीला भिंत.

१७ मार्च
जेवताना बाबांना सांगितलं. घास हातातच राहिला.
"नाव घेतलं का रे त्यांनी?"
"नाही. पण आई तुमचं नाव कधी घेते? तरी कळतंच ना कुणाबद्दल बोलते ते!"
बाबा चपला घालून बाहेर गेले.

२० मार्च
गेटवर सभा. संपाचं ठरायचं होतं. अंबाजीकाकांना बोलूच दिलं नाही. "क्या अण्णा, पूने की मिठाई मीठी लगी क्या?" — मागून कोणीतरी. मग धक्काबुक्की. चष्मा फुटला. काका बाबांकडेच बघत होते. बाबांची मान खाली.
संप बारगळला.

२१ मार्च
अंबाजीकाकांच्या भामाकाकूंनी मला बघून दार लावून घेतलं.

२९ मार्च
काढलेल्यांची यादी लागली. एकशे बारा नावं. पहिलंच अंबाजीकाकांचं! मग ‘तो’ कोण होता?
सोळावं बाबांचं.
माझं नाही. तीनदा वाचली. नाही.

३१ मार्च
फायली परत आल्या. जागेवर लावताना माझी उघडली. नोकरीला लागताना चारदा कच्चा लिहून मग भरलेला फॉर्म. मातृभाषेच्या रकान्यात माझंच सुवाच्य अक्षर — मराठी. खाली लाल रेघ. शेजारी किशोरसाहेबांची सही. तारीख ५ मार्च.