घटनेच्या पाटीखाली

करी रोड, २७ जानेवारी १९५७

तीर्थरूप आबांना भिवाचा जयभीम. मी बरा आहे, खोकला उतरलाय. आयेची कंबर कशी आहे?

काल आमच्या चाळीच्या चौकात राज्यघटनेचा देखावा मांडला होता. मी गिरणीत ताग्यांवर नंबर घालतो, म्हणून पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. ‘अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे’ ही ओळ मी मुद्दाम लाल रंगात काढली.

संध्याकाळी सीताराम पेढे वाटत आला. गेल्या साली संयुक्त महाराष्ट्रासाठी माझ्यासोबत तुरुंगात गेला होता, तोच. तिथे आम्ही एका थाळीत जेवलो. काल तो प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होता. माझ्यापाशी आल्यावर मात्र त्याने हात उंच धरला आणि वरून टाकला. हळूच म्हणाला, “गावची माणसं आलीत रे भिवा. समजून घे.”

तुरुंगात पोलीस होते, गावची माणसं नव्हती. एवढाच काय तो फरक.

पेढा मी पाटीखाली ठेवून आलो. आज सकाळी पाहिलं, तर तिथेच होता. मुंग्या तेवढ्या शिवल्या होत्या.

आयेला हे वाचून दाखवू नका. पाटी छान झाली, एवढंच सांगा.

तुमचा भिवा