योग्य मँडोलिन मिळेपर्यंत

७ सप्टेंबर २०२५, रविवार. सायंकाळी.

आजपासून रोजनिशी नियमित लिहिण्याचे ठरविले आहे. कारणही तसेच घडले. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत कोजागरीच्या कार्यक्रमाची आखणी झाली. अध्यक्ष शेवाळे सरांनी सर्वांसमक्ष जाहीर केले की, यंदा बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलवायचा नाही. आपले कारभारी अण्णा आहेर मँडोलिन वाजवतील. टाळ्या झाल्या. मी नकार दिला नाही. चारचौघांत नकार देणे असभ्यपणाचे असते.

मी वाजवतो ही गोष्ट संघात केव्हा सांगितली, ते आठवत नाही. बहुधा बऱ्याच वेळा सांगितली असावी.

वस्तुस्थिती अशी. देवळ्यास असताना, वयाच्या विसाव्या वर्षी, मी तेथील बँड पार्टीत दोन लग्नसराया काढल्या. मँडोलिन भिका वाजवीत असे. त्याच्या बोटांवर उजेड पडावा म्हणून समोर गॅसबत्ती धरून उलट्या पावली चालण्याची जबाबदारी माझ्यावर होती. बोटे कोठे पडतात हे मी जितके पाहिले, तितके खुद्द भिकानेही पाहिले नसेल. त्याचे लक्ष वरातीतल्या मंडळींकडे असे. वाद्य प्रत्यक्ष हाती घेण्याचा योग आला नाही, एवढाच काय तो फरक.

निश्चय: पाच हजारांच्या आत उत्तम मँडोलिन घेणे व रोज पहाटे दोन तास सराव. महिना हाताशी आहे. भरपूर झाला.

८ सप्टेंबर, सोमवार.

पितृपक्ष लागला. नवी वस्तू घेता येत नाही. नाइलाज आहे.

नात निकिता कॉलेजात असते. ती म्हणाली, आबा, मोबाइलवर आत्ता कार्टमध्ये टाकून ठेवते, पितृपक्ष संपला की पैसे भरू. तिच्या मते कार्टमध्ये टाकणे म्हणजे खरेदी नव्हे. माझ्या मते पितरांना हा भेद कळणार नाही. मोबाइल ठेवून देण्यास सांगितले.

दुकानात जाऊन नुसती पाहणी करण्यास मात्र हरकत नसावी.

११ सप्टेंबर, गुरुवार.

येथे नाशकात रविवार कारंजाजवळ एक वाद्यांचे दुकान आहे. मालकाची मुलगी मनाली गल्ल्यावर बसते. मुलगी हुशार आहे, पण घाईची. मी आत पाऊल टाकताच तिने शोकेसमधले मँडोलिन काढून पुढे केले.

मी देवळ्याच्या मार्केटात बत्तीस वर्षे मापाडी होतो. कांद्याच्या गोणीत वर निवडक माल मांडलेला असतो, हे मला शिकवायला नको. म्हणून म्हणालो की, हे वरचे नको, खालचे दाखवा. ती म्हणाली, खालचे म्हणजे कुठले? मी म्हणालो, जे तुम्ही दाखवत नाही ते. ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि धूळ झटकून दुसरे खाली आणले. ते तंतोतंत पहिल्यासारखेच निघाले. ही बाब अधिक संशयास्पद वाटली.

मग मी ते हातावर तोलले, बोटाच्या पेराने टकटक केले आणि वास घेतला. पॉलिशचा वास उग्र आहे. मनालीने एकदा वाजवून बघण्याविषयी सुचविले. मी सांगितले की, माल पारखायला तो खावा लागत नाही.

"बाबा, हा कांदा नाहीये," ती म्हणाली.

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुन्हा येईन म्हणून सांगितले.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

पुन्हा गेलो. किंमत चार हजार आठशे. बजेटात नेमकी बसते. इतकी नेमकी बसणारी वस्तू चांगली असणे शक्य नाही.

मनालीने याहून वरचेही एक दाखवले. नऊ हजार. आवाज फार गोड, असे तीच म्हणाली. ते बजेटात बसत नाही, म्हणून आवाज ऐकण्याचे कारण उरले नाही.

तिने विचारले, बाबा, नक्की कसलं पाहिजे तुम्हाला? मी म्हणालो, योग्य. तिने चहा मागवला. चहा चांगला होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

आज पहाटे पाचला सरावासाठी उठलो होतो. वाद्य नसल्यामुळे परत झोपलो.

दुपारी संघाची निमंत्रणपत्रिका तपासण्यास आली. तीत माझ्या नावामागे "हौशी मँडोलिनवादक" असे होते. मी लेखी आक्षेप नोंदविला. आता "ज्येष्ठ मँडोलिनवादक" असे छापणार आहेत. शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी शब्दाचे वजन मला कळते.

सौ. बायडाबाईला पत्रिकेचा नमुना वाचून दाखविला. तिने तो हातात घेतला, स्वतः पुन्हा पाहिला आणि देवघरात ठेवला.

२२ सप्टेंबर, सोमवार.

घटस्थापना. पितृपक्ष संपला. आता खरेदीस मोकळीक आहे. परंतु दसरा अवघ्या दहा दिवसांवर असताना, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त सोडून भलत्याच दिवशी खरेदी करणे हे अविचाराचे होईल. दसऱ्यास घेतो. सरावाला चार दिवस पुरेत. येणाऱ्याला चार दिवस, न येणाऱ्याला चार वर्षे.

२७ सप्टेंबर, शनिवार.

सहज दुकानावरून गेलो. शोकेस रिकामी. मनाली म्हणाली, तुमचं ते चार हजार आठशेवालं कालच गेलं. माळ्यावरचंही मालेगावच्या पार्टीने नेलं. नऊ हजारांचं तेवढं आहे.

मला फार वाईट वाटले. वाटेत पाव किलो जिलबी घेतली व तेथेच बाकावर बसून संपविली.

तेथूनच शेवाळे सरांना फोन केला. जड अंतःकरणाने कळविले की, संपूर्ण नाशकात योग्य मँडोलिन शिल्लक नाही, तेव्हा माझा नाइलाज आहे. सरांनी सहानुभूती दाखविली. संघातले हिरामण निकम कराओकेवर चार गाणी म्हणायला केव्हापासून टपलेलेच आहेत. त्यांना विचारतो म्हणाले. मी मोठ्या मनाने संमती दिली.

आज बऱ्याच दिवसांनी दुपारी गाढ झोप लागली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सकाळी पाटावर पूजा मांडली होती. मुलगा महेशच्या स्कूटरची किल्ली, निकिताचा लॅपटॉप, सुनेची शिलाईची कात्री. मधोमध झेंडूच्या माळेत मँडोलिन.

ओळखीचे होते. पॉलिशचा वास तोच.

सौ.ने भिशीच्या पैशांतून आणले. संघाच्या वत्सलाबाईंना बरोबर नेले होते. शोकेसमधलेच घेतले, वरचे की खालचे, असा विचारही केला नाही. मी काही बोलण्याच्या आत तिने शेवाळे सरांना फोन लावून कळवूनही टाकले की, मिळालं म्हनावं.

मग आपट्याची पाने देताना तिने एक गोष्ट सांगितली. लग्नाच्या वेळी तिला दुसरेही स्थळ आले होते. सटाण्याकडचे. दोन विहिरी, बारमाही पाणी. आमच्याकडे जिरायत. पण आमच्या मध्यस्थाने तिच्या वडिलांना सांगितले होते की, मुलगा मँडोलिनमध्ये आहे.

"दोन हिरीवाल्याला मीच नाय म्हनले," सौ. म्हणाली. "म्हटलं, वाजवनारा मानूस हाय, घरात बरं वाटंल. बावन्न वर्सं झाली. एकडाव तर आयकू द्या."

हे मला आजवर ठाऊक नव्हते. गॅसबत्तीचा तपशील मध्यस्थाने का गाळला, ते सांगता येत नाही. पुढे संसारात तो सांगण्यासारखा प्रसंग आला नाही.

मन भरून आले. वाद्य पूजेत असल्याने आज त्यास हात लावला नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

सराव सुरू. तारा आठ आहेत. भिकाच्या वेळी इतक्या वाटत नव्हत्या.

निकिता म्हणाली, आबा, उलटं धरलंय तुम्ही. डाव्या हाताने पडदे दाबायचे आणि उजव्या हाताने छेडायचं. मी तिला समजाविले की, भिकास दोन सराया मी समोरून पाहिलेले आहे, तू पाहिलेले नाहीस. माझ्या उजवीकडे त्याची कोणती बोटे होती ते मला पक्के स्मरते. तिने मोबाइलवर कोणा मुलाचा व्हिडिओ दाखवला. तोही समोरूनच काढलेला, म्हणजे माझ्याच बाजूचा होता. ती कपाळाला हात लावून निघून गेली. हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही.

बोटांची सालटे निघाली. सौ.ने खोबरेल लावून दिले. खालच्या मजल्यावरून विचारणा आली की, पंख्याचे काम चालू आहे का.

५ ऑक्टोबर, रविवार.

वरातीची एक गत पूर्ण बसली. कोणती, ते ऐकणाऱ्याने ओळखावे.

सौ.ला अद्याप ऐकविलेली नाही. मी वाजवू लागलो की दार ओढून घेतो. ती बाहेर भाजी निवडत बसते. तिने कार्यक्रमासाठी मोतिया रंगाचे लुगडे इस्त्रीला दिले आहे. वत्सलाबाईंना फोनवर पुढची खुर्ची धरून ठेवायला सांगत होती.

क्षणभर वाटले, तिला गॅसबत्तीविषयी सांगावे. परंतु उद्याचा कार्यक्रम इतका तोंडावर असताना कलावंताने मन विचलित करून घेऊ नये.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी.

कालच्या कार्यक्रमाची नोंद सत्यास धरून करतो.

संघाच्या गच्चीवर चांदणे उत्तम होते. उपस्थिती भरपूर. शेवाळे सरांनी माझा परिचय "देवळ्याचे जुने जाणते कलावंत" असा करून दिला. सौ. पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर होती. मी बैठक मारली, वाद्य भिकाच्या पद्धतीने धरले आणि गत सुरू केली.

मग मागे कुजबुज सुरू झाली. शेवाळे सर माइकवर म्हणाले, "अण्णांचं सुरात लागतंय तोवर दूध वाटून घेऊ या." खुर्च्या सरकल्या. सगळे पातेल्याकडे गेले. मी थांबलो नाही. गत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजविली. मधला कठीण भाग दोनदा आला. आलेला भाग परत का करू नये, म्हणून तिसऱ्यांदाही घेतला. संपविली. वाद्य खाली ठेवून हात जोडले.

तेव्हा सर ग्लास घेऊन जवळ आले व म्हणाले, "लागलं का अण्णा? करा मग सुरुवात."

मी सांगितले की, वेळ फार झाला आहे, हिरामणरावांस संधी द्यावी. त्यांनी चार म्हणता सहा गाणी म्हटली. लोक नाचलेही. लोकांची अभिरुची पूर्वीसारखी राहिली नाही.

सौ. तेवढी जागची हलली नव्हती. वत्सलाबाईंनी तिच्या हातात आणून दिलेल्या दुधावर साय धरली होती. गत संपली हे तिला कळले होते, कारण मी हात जोडले तेव्हा तिने दोन वेळा टाळी वाजविली. एकटीनेच.

रिक्षात ती बराच वेळ बाहेर पाहत होती. घर जवळ आल्यावर माझ्या सालटलेल्या बोटांवर हात ठेवून म्हणाली, "बरं वाजवलं. मला गोड लागलं. पन आता परत कुनाला सांगू नका, तुम्हाला येतं म्हनून."

तिचे म्हणणे योग्य आहे. अशी विद्या चार लोकांत उधळण्याची नसते. मी होकार दिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

मँडोलिन परत करण्याचे सौ.ने ठरविले व मी त्यास मान्यता दिली. वाद्यात दोष असल्याचे मनालीस सविस्तर पटवून देण्याची तयारी करून गेलो होतो. गरज पडली नाही. तिने ते उलटसुलट करून पाहिले, तारांवरून बोट फिरविले आणि सगळे पैसे काढून सौ.च्या हातात दिले.

"घेते परत," ती म्हणाली. "कोणी वाजवलेलं दिसत नाही."

वाद्य जपून हाताळण्याची आमची जुनी शिस्त त्या मुलीच्या लक्षात आली, याचे समाधान वाटले.