लोखंडाची अंघोळ

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४
शनिवारी भंगारवाला येणार! वरदने पुण्यात बसून परस्पर सांगून टाकलं. "आई, सहा वर्षं बंद आहे. या वयात स्कूटर कशाला?" कशाला म्हणजे? भिंगारच्या बाजारात जायला कुणाच्या सवडीची वाट बघावी लागू नये म्हणून! एकतीस वर्षं तिच्यावर ऑफिसला गेले. शेवटी ठरलं — शनिवारपर्यंत चालू झाली तर माझी, नाहीतर गेली.

मंगळवार, ५
मागच्या गल्लीतले कारभारी आले; त्यांची बायको रतनबाई दारापर्यंत सोडून गेली. लष्कराच्या वर्कशॉपमधले रिटायर्ड फिटर. गप्पा मारत मारत इंजिन मोकळं केलं. आत सगळं तांबडं. मला रडूच आलं.
"गंज वरवरचा हाय. घासा."
"मी?"
"मंग? गाडी कुनाची?"
स्वतः खुर्चीवर, मी पाटावर, हात डिझेलच्या डब्यात. वर प्रश्न — रंग कसा हाय? नुसता डाग का खड्डा? शाळेतल्या सिस्टरांनीही इतकी तोंडी परीक्षा घेतली नव्हती. "आळशी आहात," तोंडावर म्हटलं. हसले नुसते.

बुधवार, ६
आज एकटीच बसले. सगळे भाग लख्ख! डिझेलचा वास जाईना, म्हणून भांड्यांचा साबण, गरम पाणी, आणि वाळत घातले पांढऱ्या टॉवेलवर. कॉन्व्हेंटची शिस्त!

गुरुवार, ७
टॉवेलवर नारिंगी ठसे. सगळं परत गंजलं — एका रात्रीत! कारभारींनी शाफ्टवर अंगठा फिरवला.
"अंघोळ घातली व्हय, बाई?"
मी टॉवेल पाठीमागे लपवला.
"लोखंडाला पानी न्हाई. डिझेलनं धुवायचं, पुसायचं, लगीच तेल. आन् बेअरिंग बसतं तिथं पॉलिश पेपर लावू नका, माप जातं."
दिवसभर पुन्हा घासलं. त्यांच्या जागी मी असते तर समोरच्याची सालटी काढली असती. ते चहा पीत बसून राहिले, अंधार पडेपर्यंत.

शुक्रवार, ८
जोडणी झाली. काय बोटं आहेत या माणसाची!

शनिवार, ९
नवव्या किकला लागली!! धूर, खोकला, मग तीच जुनी फटफट. भंगारवाला चहा पिऊन गेला. वरदला फोनवर नुसता आवाज ऐकवला. "बरं, आई," म्हणाला. बाजारातून कोथिंबीर आणली. खरं तर नको होती. देवाचे आभार मानले, आणि त्याच्याआधी कारभारींचे.

रविवार, १०
जिलेबी घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातच रतनबाईंनी हात धरला, हळूच म्हणाल्या, "लई उपकार केले, बाई. दोन वर्सं झाली, यांना काय दिसत न्हाई. कुनी कामच देईना. तुमाला सांगू नको म्हनले हुते."
आणि मी आळशी म्हटलं!
येताना गिरणीवाल्याकडे थांबले. त्याला सांगितलं, तुझं गिरणीचं बंद पडलेलं इंजिन कारभारींकडे आण. बघायचं काम मी करते.