न निवडलेला गहू

५ फेब्रुवारी

त्या सकाळी पाणी तापवलं, अंथरुणं उन्हात टाकली, यांचा सदरा दोरीवर घातला आणि ओट्यावर गहू निवडायला बसले. निम्मं सूप झालं असेल, तेव्हा आतला खोकला थांबला. मला वाटलं, बरं झालं, यांचा डोळा लागला. सगळं सूप निवडूनच आत गेले.

आज पुन्हा सूप हातात आलं, म्हणून आठवलं. ख्रिस्ती मंडळीच्या या वृद्धाश्रमात मला स्वयंपाकघरात ठेवून घेतलंय. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेची; उन्हाला आमंत्रण लागत नाही. पाव भाजणारीला सगळे भट्टीबाई म्हणतात. मला बघून म्हणाली, देवाने ऐकलं गं बाई, आता माझ्या कमरेला सुट्टी! पाळकसाहेब स्वतः माझं गाठोडं उचलून खोलीपर्यंत आले. चांगल्या माणसांत पडले मी.

८ फेब्रुवारी

इथला गहू मंडळीच्या मागच्या शेतातला. त्यात बारीक, काळपट दाणा फार. निदण आहे ते. रोप गव्हासारखंच दिसतं, पण दाणा पोटात गेला की डोकं भ्रमतं. आई ते कोंबड्यांनासुद्धा घालू देत नसे. मी वेचायला घेतलं, तर भट्टीबाईने सूपच ओढून घेतलं. खडे काढ, म्हणाली, बाकी असू दे.

पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी प्रभूचा दृष्टान्त सांगितला: वैऱ्याने गव्हात निदण पेरलं, पण धन्याने चाकरांना ते उपटू दिलं नाही, गहूही उपटला जाईल म्हणून. हे गेल्यावर मी अक्षराला अक्षर लावत वाचायला शिकले, ते असल्याच गोष्टींसाठी. भीत भीत म्हटलं, पण साहेब, कापणीच्या वेळी तर वेगळं करून जाळायला सांगितलंय. ते हसले. कापणी अजून झालीच नाही, बाई, म्हणाले, आणि कापणारे आपण नव्हे. मी परत जाऊन खडे वेचत बसले.

१२ फेब्रुवारी

चिमणीएवढं खातात म्हणून चिमणीआजी. त्यांना मुलगा नाही, तरी मला सूनबाई म्हणतात. नाश्त्याचा पाव खाऊन झाला की इथले सगळे म्हातारे समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून बोलत बसतात. ज्याचं त्याचं गेलेलं माणूस त्याला दिसतं. आजी आपल्या थोरल्या बहिणीला रागावत होत्या, केस विंचरून यायला काय झालं होतं, अशी भुतासारखी काय आलीस! मला हसू आवरेना.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खोकलं. खोकला यांचा होता. पाव मीही खाल्ला होता.

१५ फेब्रुवारी

हे आले. दारात उभे होते. सदरा तोच. मी तिथेच बसून पोटभर रडले. फार दिवसांनी बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

काल इथले सुतारबाबा सांगत होते, बायकोने हात हातात घेतला. आज सकाळी ते बिछान्यात गेलेले सापडले. चेहऱ्यावर हसू.

भट्टीबाई म्हणाली, असंच असतं. आधी बाहेर, मग दारात, मग बाकावर, मग हात. तुला हे माहीत होतं, म्हटलं, आणि तरी रोज पाव भाजतेस? ती म्हणाली, माझा मुलगा आता दारापर्यंत आलाय. तू गप्प बस.

२१ फेब्रुवारी

हे डावखुरे होते. आज दाराची कडी उजव्या हाताने काढली.

भट्टीबाईला सांगितलं. ती पीठ मळत राहिली. तिच्या मुलाचा तीळ म्हणे आता दुसऱ्या गालावर आहे. मग काय झालं, म्हणाली, तोंड तरी त्याचंच ना!

चिमणीआजींची बहीण आज बाकावर बसली. म्हणजे आता हात उरला.

२२ फेब्रुवारी

दार लावून सगळा गहू निवडला. निदण डब्यात भरून ठेवलं. उद्यापासून पाव स्वच्छ. आजी वाचतील. हे येणार नाहीत. दोन्ही माझ्याच हाताने.

२४ फेब्रुवारी

कोणीही आलं नाही. बाक रिकामा. एकेक जण रडायला लागला. आजी लहान पोरीसारख्या दार धरून बहिणीला हाका मारत होत्या —

पाळकसाहेबांनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांची मुलगीही यायची म्हणे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी

आजी खात नाहीत. पाव दुधात भिजवला, लाडीगोडी केली, रागावले. तोंड फिरवून म्हणाल्या, सूनबाई, तू मला दुसऱ्यांदा पोरकं केलंस.

२७ फेब्रुवारी

आजी गेल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

पाळकसाहेब एवढंच म्हणाले, निदण उपटायला गेलं की — पुढचं मला पाठ आहे.

बाहेर खोकलासुद्धा नाही. किती कान दिला, तरी —

१ मार्च

काल आजींना मातीत ठेवलं.

आज सकाळी डब्यातलं निदण गव्हात परत ओतलं. हाताने सारखं केलं. दळलं. पाव झाले, सगळ्यांना वाढले. सगळे हसले. मी दोन खाल्ले.

हे आत आलेत. हे माझे नव्हेत, मला ठाऊक आहे. मी बाकावर सरकून जागा केली आणि —