उजवीकडचं यकृत

प्रिय शिवणबाई,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलंस तर तुझा दोष नाही. फळ्यावर लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे कागदावर आले की माझ्या ओळी घसरायला लागतात. तुला पत्र लिहायला मी अठरा वर्षं लावली, आणि आज बसले तर सकाळभरात नुसतं ‘प्रिय’ लिहून झालं. पुढे काय लिहावं तिथे अडले. शाळेत मुलं तुला शिवणबाई म्हणायची आणि मला बेडूकबाई, आणि डबा खाताना आपणही एकमेकींना त्याच नावांनी हाका मारायचो. शेवटी तेच लिहिलं. त्या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

माझं बरं चाललंय. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. उजवा गुडघा बदलून घेतला. डॉक्टरांनी मला माझाच सांधा चित्र काढून समजावला, चित्रात वाटी नको त्या जागी काढली होती, आणि मी चक्क गप्प बसले. यावरून माझं वय झालंय हे तू ओळखशील. घरी मी आणि भावजय दोघीच असतो. ती दिवसभर रेडिओ ऐकते आणि मी दिवसभर तो हळू कर म्हणते. महिन्यातून दोनदा मला शिक्षकांच्या शिबिरांना बोलावतात. विज्ञान रंजक कसं करावं, चित्रकला, गणित, भाषा, शिवण यांच्याशी ते कसं जोडावं, यावर मी बोलते. हातात माईक असतो, गळ्यात ओळखपत्र असतं, आणि माझ्या पिशवीत दर वेळी तो एप्रन असतो.

हो, तोच. आपला पचनसंस्थेचा एप्रन. तुझ्या खोलीतल्या निळ्या पडद्यांचं कापड, माझ्या जुन्या चादरीचं गुलाबी आतडं. सुरुवात कशी झाली आठवतं? सातवीला मी सलग तीन तास पचन शिकवलं होतं, आणि चाचणीत एका पठ्ठ्याने लहान आतड्याची लांबी सहा सेंटिमीटर लिहिली. मी वह्या टेबलावर आपटल्या. तू समोर बसून शर्टाला काज करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “त्यांनी मीटर कधी हातात धरलाय का? माझ्याकडे पाठव, सहा मीटर शिवून घेते, जन्मात विसरणार नाहीत.” मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी तू टेप घेऊन माझ्या वर्गात हजर.

पुढचे दोन महिने मी शिक्षिका म्हणून जितकी सुखात होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. मुलांनी व्हरांड्यात खडूने सहा मीटर आखले आणि त्यावर ओळीने झोपून पाहिलं. चार मुलं संपली तरी आतडं संपेना. गणिताच्या तासाला कापड किती लागेल याचा हिशेब झाला. भाषेच्या तासाला एका मुलीने घासाच्या तोंडून प्रवासवर्णन लिहिलं, त्यात तो घास जठरात पोचल्यावर म्हणतो की इथलं हवामान फार आंबट आहे. आणि ती शिवलेली नळी सुलटी करायचा दिवस. टोकाला पिन अडकवून आतून ओढत ओढत अख्खा वर्ग घामाघूम झाला होता, आणि तू सगळ्यांना ओरडत होतीस की आतड्याला पीळ पाडू नका रे.

चुण्यांचंही त्याच आठवड्यात झालं. मी मुलांना सांगत होते की लहान आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या असतात, त्यामुळे अन्न शोषायला जास्त पृष्ठभाग मिळतो. सगळे चेहरे कोरे. तू मागे उभी होतीस. पुढे आलीस, एका मुलीच्या घेरदार स्कर्टची कंबर दाखवलीस आणि म्हणालीस, “हिची कंबर केवढी? आणि या स्कर्टला कापड केवढं लागलं? कमी जागेत जास्त कापड बसवायचं तर चुण्या घालाव्या लागतात. पोटानेही तेच केलंय.” वर्गात सगळ्यांनी एकदम आ केला. पृष्ठभाग हा शब्द मी पंधरा वर्षं शिकवत होते, तो मला स्वतःला त्या दिवशी कळला.

आता ज्याच्यासाठी सकाळपासून शब्द शोधतेय ते लिहिते. यकृत लावायचा दिवस. मी पुस्तकावरून कागदाचा पॅटर्न काढून आणला होता. पुस्तकातल्या चित्रात यकृत पानाच्या डाव्या बाजूला दिसतं. मी विचार केला, यकृत तर उजवीकडे असतं, आणि एप्रन मूल अंगात घालणार, म्हणजे हे फिरवलं पाहिजे. मी कागदावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कापडावर उलटा ठेवा’, आणि खाली ऐटीत सही ठोकली. तू कागद स्वतःच्या पोटावर धरलास, खाली पाहिलंस आणि म्हणालीस, “अगं, असाच ठेवला तर बरोबर बसतोय. माझी उजवी बाजू ही बघ.” शिवणाऱ्या बाईला डावं-उजवं नेहमी घालणाऱ्याच्या अंगाने दिसतं, आणि मला ते पानाच्या अंगाने दिसत होतं. पण मला कुणी माझ्या विषयात शिकवावं हे तेव्हा खपत नसे. मी म्हणाले, “शरीर मी शिकलेय की तू? सांगते तसं लाव.” तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि कागद उलटा ठेवलास.

प्रदर्शनाच्या दिवशी आपली सातवीतली उंच मुलगी एप्रन घालून सभागृहाच्या मधोमध उभी राहिली. पाहुणे म्हणून आलेले डॉक्टर तिच्यासमोर थांबले, चष्मा सरकवला आणि हसत म्हणाले की या मुलीला माझ्या दवाखान्यात पाठवा, हिचं यकृत डावीकडे आहे. पालक हसले. मुलगी लालबुंद झाली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून निघून गेलं की शिवताना झालंय सर, शिवणाच्या बाईंनी कागद उलटा ठेवला. तू माझ्यापासून दोन हातांवर होतीस. मनगटावर टाचण्यांची उशी तशीच होती. माझं वाक्य संपल्यावर तू म्हणालीस, “हो सर, माझ्या हातून झालं.” एवढंच म्हणालीस, आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत घेऊन गेलीस.

एक वाक्य होतं ते. मी त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन ते परत घेऊ शकले असते. दुसऱ्या दिवशी घेऊ शकले असते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सभा झाली, त्यात मुख्याध्यापक म्हणाले की विषयांची ही खिचडी आता बंद, प्रत्येकाने आपापलं शिकवावं, आणि शिवणाचा तास तरी कशाला हवा, त्या जागी विज्ञान वाढवू. तेव्हाही घेऊ शकले असते. नाही घेतलं. तू नोकरीतून गेलीस. तुझी खोली मला प्रयोगशाळा म्हणून मिळाली, जी मी तीन वर्षं मागत होते. त्या टेबलांच्या फटींतून पुढे कित्येक वर्षं टाचण्या निघत राहिल्या. निघाली की मी ती उचलून खिडकीत ठेवायचे, फेकवत नसे.

याहून वाईट सांगायचं आहे. पुढे नवे मुख्याध्यापक आले, वारं फिरलं, विषय जोडून शिकवणं सगळ्यांना हवंहवंसं झालं आणि मी त्यातली जाणकार ठरले. शिबिरात लोक पेंगायला लागले की मी एप्रन काढते आणि उलट्या यकृताचा किस्सा सांगते. आमच्या शिवणाच्या बाईंनी म्हणे यकृतच फिरवलं. हशा ठरलेला. आणि तो ओसरला की स्कर्टच्या चुण्यांचा दाखला देते, जणू मलाच सुचला होता. टाळ्या ठरलेल्या. चूक तुझ्या नावावर टाकली आणि अक्कल माझ्या नावावर घेतली. इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं असं लिहिणार होते, पण तेही खोटं आहे. मला दर वेळी माहीत असायचं.

गेल्या महिन्यातल्या शिबिरात तिसऱ्या रांगेतली एक तरुण शिक्षिका हसली नाही. नंतर चहाच्या वेळी जवळ आली. आपली उंच मुलगी. आता तीही विज्ञान शिकवते. मला वाटलं ही सगळ्यांदेखत काहीतरी बोलणार. पण तिने फक्त एप्रनवरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाई, हे यकृत उसवून परत उजवीकडे लावलं ना, तेव्हा शिवणबाईंनी मला सुट्टीत शाळेत बोलावलं होतं. माझ्या अंगावर मापं घेतली. म्हणाल्या, या वेळी चुकायला नको, पुढच्या मुलांना लागेल.” मला वाटत आलं होतं की ती दुरुस्ती मुख्याध्यापकांनी शिंप्याकडून करून घेतली असेल. म्हणजे नोकरी सुटल्यावर, सुट्टीत येऊन, तू माझी चूक उसवून नीट बसवलीस आणि एप्रन माझ्या कपाटात ठेवून गेलीस. मुलगी पुढे म्हणाली की यकृत ताठ राहावं म्हणून बाईंनी आत बुक्रमच्या कडक कापडाऐवजी कागद घातला होता, लाल शाईने काहीतरी लिहिलेला.

घरी येऊन मी कात्री घेतली. अठरा वर्षं ते यकृत दाबलं की कुरकुरायचं, आणि मला वाटायचं तुमच्या शिवणातलं काहीतरी असेल. तुझी टीप इतकी बारीक की उसवायला मला तासभर लागला. आत तो कागद होता, चार घड्या घातलेला. ‘कापडावर उलटा ठेवा.’ माझी लाल शाई, माझी ऐटीतली सही. तो तुझ्यापाशी होता. सभागृहात, सभेत, कुठेही तू तो नुसता उलगडला असतास तर नोकरी माझी गेली नसती कदाचित, पण तुझी तर नक्कीच राहिली असती. आणि तू तो अशा जागी शिवून टाकलास की कुणाला दिसू नये. मी पलंगावर बसून मोठ्याने रडले. भावजयीने आपण होऊन रेडिओ बंद केला.

तर पत्र लिहायचं कारण. माझ्या शिबिरांची पुस्तिका छापली जातेय, शाळाशाळांत वाटणार आहेत. तपासायची पानं टेबलावर आहेत. पहिलाच धडा एप्रनचा, आणि त्यात चौकटीत तो किस्सा. चौकट मी काढली. तिथे लिहिलंय की चुण्यांचा दाखला शिवणाच्या शिक्षिकेचा, उलट्या यकृताची चूक विज्ञानाच्या शिक्षिकेची, आणि ती चूक अठरा वर्षं दुसरीच्या माथी मारली गेली. त्याखाली असंही लिहिलंय की दोन विषय जोडायचे तर दुसऱ्या विषयाच्या माणसाचं ऐकायला आधी शिका. वरच्या पानावर माझ्या नावाआधी तुझं नाव घालायला सांगितलंय. त्यांना तुझी लेखी संमती हवी, म्हणून तो अर्ज सोबत आहे. तुझा पत्ता मुलीने दिला. ती कपडे तुझ्याकडूनच शिवून घेते, हे मला सांगताना तिने नजर खाली घातली होती. अर्जावर सही कर किंवा फाडून टाक. मी रागावणार नाही, तो अधिकार मला नाही. तू फाडलास तर पुस्तिका माझ्याही नावाशिवाय निघेल, चौकटीतला मजकूर मात्र तसाच राहील. यकृत मी परत शिवायला घेतलं होतं, चार टाके घातले आणि नको तिथे चुण्या पडल्या, म्हणून ते उघडंच ठेवलंय. पाकिटात अर्जामागे दुसरा कागद आहे, लाल शाईचा. तो तुझा आहे. तो मात्र फाडू नकोस. तुला वाटेल त्याला दाखव. मी तिथे असेन तर माझ्यासमोर दाखव, या वेळी मी हो म्हणेन.

तुझीच (लिहू दे एवढं),
बेडूकबाई