एकही खूण नाही

पेडणे, मंगळवार, संध्याकाळ

आज तुयेच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पाहणीचा तक्ता झाला. प्रश्न होता, अडचणीत कुणाला हाक मारता? घरचे, शेजारी, कामावरचे, मुकादम. लागतील तेवढ्यांवर खूण करायची. त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, ते ठीकच. पण ज्यांनी एकही खूण केली नाही, त्यांना सॉफ्टवेअर मोजतच नाही. आपोआप गाळतं.

बेळगावकडची एक पॅकिंगवाली त्यांतच गळली. मी दिलेलं पेन हातात धरून बराच वेळ बसली होती, टोपणसुद्धा न काढता. मग म्हणाली, "कुणालाच न्हाई बगा, ताई." आणि मला चहा दिला.

मी "कुणीच नाही" अशी वेगळी ओळ घालून तक्ता साहेबांना दाखवला. ते हसले. "रिकामे फॉर्म कित्याक मोजतंस गे? काढ ती ओळ. मगे तक्तो बरो दिसता."

काढली. राग यायला हवा होता. आला नाही. बसमध्ये नुसतं ते न काढलेलं टोपण डोळ्यांसमोर.

घरी आल्यावर तोच प्रश्न स्वतःला विचारला. चारही पर्याय नीट आठवून पाहिले.

आता पेनाला टोपण लावते.