डाव्या हाताचा आठवडा

१ सप्टेंबर

आले बाई एकदाची! खोली लहान आहे, पण बेकरीच्या डोक्यावर, त्यामुळे सकाळी जाग येते ती ताज्या पावाच्या वासानं. धाकट्या बहिणीनं फोनवर पुन्हा ऐकवलं, की साठी उलटल्यावर परक्या गावात नोकरी धरणाऱ्या बाईचं डोकं तपासून घ्यायला हवं. तपासा म्हटलं. रिकाम्या खुर्च्यांशी बोलत जेवण्यापेक्षा हे परवडलं.

शाळा मुलींची आहे. माझं काम म्हणजे नववीच्या मुलींना रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या कामाच्या जागी पाठवायचं, पोस्टात, छापखान्यात, जनावरांच्या दवाखान्यात, आणि कोणाला काय जमतं ते पाहून शेवटी शेरा द्यायचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असली चैन नव्हती. सिस्टर एकदाच विचारायच्या, टीचर की नर्स? जी गप्प राहील तिचं लग्न ठरलंय असं आम्ही धरून चालायचो. आज मुलींनी मला नावही ठेवून टाकलं: नोकरीमावशी. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं.

५ सप्टेंबर

जागा वाटून झाल्या. एकीचंच अडलं होतं. चिमणी म्हणतात तिला सगळ्या, कारण तोंड मिटतच नाही. डावखुरी, नखं कुरतडलेली, उजव्या अंगठ्यावर कुत्र्याचं पिल्लू चावल्याची खूण, आणि ती खूण ती पदकासारखी मिरवते. तिला जनावरांचा दवाखानाच हवा होता, पण तिथल्या जागा भरल्या. उरलं रफूचं दुकान. तिथल्या मोठ्या बाईंनी एक मुलगी आपणहून मागितली होती. चिमणीनं तोंड वेंगाडून विचारलं, की मावशी, फाटक्या कोटाला इंजेक्शन दिलं तर चालतं का? चालतं म्हटलं, आधी सुईत दोरा ओव, आणि तिला पिटाळलं.

११ सप्टेंबर

रफूच्या दुकानात जाऊन आले. लांबट खोली, एका बाजूला ओळीनं खिडक्या, खिडक्यांखाली एकच मोठं टेबल आणि टेबलाशी वयस्कर बायका. कोट, शाली, गालिचे. भोक कुठे होतं ते नंतर त्यांनाही सांगता येणार नाही. चेहरे सुरकुतलेले, पण हात इतके कोवळे, की मला हेवाच वाटला. हात बिघडलेत ते फक्त मोठ्या बाईंचे. सांधे सुजलेले, बोटं वाकडी, कातडीवर तपकिरी डाग. सुई धरवत नाही म्हणाल्या.

शिकवायची त्यांची रीत वेगळीच आहे. तोंडानं काही सांगत नाहीत. मुलीचा हात टेबलावर, त्यावर आपला हात, आणि दोघींनी मिळून टाका घालायचा. दुपारभर. आधी उजवा हात शिकवतात, तो तयार झाला की डावा, कारण रफूला दोन्ही लागतात. सिस्टर माझी बोटं धरून पियानोवर ठेवायच्या ते आठवलं. चिमणी मात्र जिन्यात कुरकुरली, की बाईंचा हात मेलेल्या माशासारखा गार आहे. मी तिला दटावलं. म्हाताऱ्या माणसांना असं बोलू नये.

१९ सप्टेंबर

काय लिहू! चिमणीनं माझ्या निळ्या स्वेटरचं कोपर रफू केलं, तेही उजव्या हातानं. खिडकीशी धरून पाहिलं, जोड सापडेना. हेडबाई म्हणाल्या, आता ही पोरगी आपल्या उपक्रमाचं नाक. तिची आई पार्लरमध्ये केस कापते, तिलाही मुद्दाम भेटले. ती म्हणाली, की घरात एक फाटका मोजा शिल्लक ठेवला नाही कार्टीनं, पण हल्ली बोलत नाही फारशी. वय आहे ते, मी म्हटलं. मोठ्या बाईंना डाव्या हातासाठी एक आठवडा वाढवून हवा होता. मुलगी चमकली की मुदत वाढवायची, असा आमचा नियमच आहे. मी सही केली, आईलाही करायला लावली. सोमवारपासून.

२२ सप्टेंबर

चिमणी वर्गात उजवा हात दप्तरात घालून बसते. लाडीगोडी करून बाहेर काढायला लावला. बोटं वाकलेली, सांधे टरारलेले. तळहाताच्या मागच्या बाजूला डाग होते, मला वाटलं शाई असेल. रुमाल ओला करून पुसले. निघेनात. जोरात पुसले. अंगठ्यावर पिल्लाची खूण नाही.

तिनं हळूच विचारलं, की मावशी, हा माझा आहे ना? मी म्हटलं, वेडी कुठली.

दुसरं काय म्हणणार होते?

२३ सप्टेंबर

तिची आई आली होती. डॉक्टरांनी संधिवात म्हणून गोळ्या दिल्यात. आई म्हणते, लेकीला झोप लागते, पण तो हात झोपत नाही. उशीचा अभ्रा उसवतो आणि पुन्हा शिवतो.

तशीच दुकानात गेले. मोठ्या बाई सफरचंद सोलत होत्या. उजव्या हाताची कातडी तुकतुकीत, नखं कुरतडलेली. अंगठ्यावर पिल्लाचे दात.

लपवलासुद्धा नाही. म्हणाल्या, एका हातानं काम भागत नाही हो, डावा राहिलाय अजून. मी ओरडले, की मुलगी आता इथे पाऊल टाकणार नाही. नका पाठवू, म्हणाल्या. उजवा आणेल तिला.

टेबलाशी कोणी मान वर केली नाही. ते सगळे कोवळे हात. ते कोणाकोणाचे—

२५ सप्टेंबर

दुपारी तिला शिक्षकांच्या खोलीत माझ्याजवळ बसवलं. दुकानाची वेळ झाली आणि तिच्या उजव्या हातानं टेबलाची कड धरून ओढायला सुरुवात केली. ती खुर्चीला पाय अडकवून रडत होती, की मावशी, मी नाही जात, तो जातोय, धरा ना मला! मी आणि शिपाईणबाई दोघी लोंबकळलो. लोक बघत होते. पूर्ण रस्ताभर त्यानं आम्हाला फरफटत नेलं.

दारात मी पुढे झाले. म्हटलं, तिच्याऐवजी मी शिकते. हा आठवडा माझा.

मोठ्या बाईंनी माझा डावा हात उलटसुलट करून पाहिला, बाजारात भाजी बघावी तसा. म्हणाल्या, जागा भरली की झालं.

चिमणीचा हात तिथल्या तिथे ढिला पडला. मी आत जाऊन बसले.

२६ सप्टेंबर

गार. खरंच माशासारखा. दटावायला नको होतं तिला.

टाका. टाका. माझी बोटं वळत होती, आणि मी वळवत नव्हते—

चिमणीचा डावा हात तपासला. तिचाच आहे. गुलाबी, मळका, छान.

२८ सप्टेंबर

डाव्या मनगटाजवळ इस्त्रीचा जुना चटका होता. आता दिसत नाही.

मोठ्या बाईंनी आज दार उघडलं, तेव्हा दिसला. त्यांच्या हातावर.

असू दे. एका म्हातारीचा गेला. पोरीचा राहिला ना. राहिलाच पाहिजे—

३० सप्टेंबर

संपला आठवडा. काल बाई म्हणाल्या, झालं तुमचं, या आता.

तिची आई पार्लरमध्ये आहे, म्हणून चिमणी माझ्याकडे. समोर बसून गणितं करतेय, डाव्या हातानं. पुन्हा चिवचिवतेय, हेडबाईंची नक्कल करतेय. देवा, किती दिवसांनी. मी उजव्यानं लिहितेय. तो डावा वहीशेजारी पडलाय. वाकडा, डागाळलेला. हलत नाही. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. नुसतं लिहीत राहा—

चिवचिव थांबली.

पेन्सिल खाली पडली.

चिमणी म्हणतेय, की मावशी, हात सोडा ना, माझं गणित राहिलंय—

म्हणतेय, गार आहे, मावशी, दुखतंय—

मी कुठे धरलाय? मी तर लिहि